पाच सूत

मिरजगावच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या विहारात माझ्या हातची बुद्धमूर्ती आहे. ती कमानीच्या कोनाड्यात बसवलेली आहे. कमानीची उजवी बाजू सिमेंटच्या पिंपळपानांनी भरलेली आहे आणि डावी बाजू कोरी आहे. ती कोरी का, हे गावात कुणालाही विचारा. गवंड्याने माप चुकवलं, कोनाडा पाच सूत अरुंद बांधला, म्हणून मूर्ती बसवताना एक बाजू फोडावी लागली, असंच बहुतेक जण सांगतील.

ते खोटं आहे. गवंड्याचं माप बरोबर होतं. चूक माझी होती, आणि मूर्ती बसवल्यावर अकराव्या दिवशी ती मला कळलीही होती. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आता पंच्याहत्तरी उलटली आहे, तेव्हा सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवात माझ्या खोलीपासून करायला हवी, कारण चूक तिथे झाली. शिवाय त्या खोलीबद्दल बोलायला लागलो की आजही माझे हात स्वस्थ बसत नाहीत.

मी नागापूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचो. म्हणजे लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची वस्तू ओतायची, तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो आणि त्यात वितळलेला धातू ओततात. दिवसभर मी पंपाची झाकणं आणि मोटारींची कवचं लाकडात घडवायचो. काम बारीक होतं आणि मला आवडायचं. पण पंपाचं झाकण कुणी दारात उभं राहून बघत नाही.

म्हणून केडगावला आमच्या दोन खोल्यांच्या मागे मी तिसरी बांधली. हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. भिंती विटांच्या नव्हत्या. कारखान्यांत मशिनी ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या मी सायकलवरून एक-एक करून आणल्या आणि मिळतील तशा ठोकल्या. खोक्यांवर 'ही बाजू वर' असं दाखवणारे काळे बाण असतात. माझ्या खोलीत काही बाण वर, काही खाली, दोन-चार आडवे. बायको म्हणाली, "तुमच्या या महालात वर कुठलं आणि खाली कुठलं, तेवढं एकदा सांगून ठेवा."

छपरात मधोमध एक पांढरा फायबरचा पत्रा घातला होता, त्यातून दिवसभर सारखा मऊ उजेड यायचा. मागच्या गल्लीकडची अख्खी बाजू पत्र्याची होती आणि आठ बोल्टांवर उभी होती. बोल्ट काढले की खोली खोक्यासारखी उघडायची. शेजाऱ्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, कधीतरी मोठं काहीतरी बाहेर काढावं लागेल. तेव्हा खोलीत हातभर उंचीच्या मूर्तींपेक्षा मोठं काहीच नव्हतं. मधोमध टेम्पोच्या चाकाच्या हबवर बसवलेला फिरता पाट होता. त्यावर पाचशे किलो ठेवलं तरी एका बोटाने फिरेल, असा मी त्याला ग्रीस भरून सज्ज ठेवला होता. भिंतीवर एकेका हत्याराची पेन्सिलने बाह्यरेषा काढली होती, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते लगेच कळायचं. पटाशा, कानशी, बांबूच्या कोरण्या, टूथब्रशचा घासून चपटा केलेला दांडा, आणि बायकोची केसांतली एक पिन, जी तिने तीनदा परत नेली आणि मी चार वेळा आणली.

पहिली पाळी सुटली की साडेतीनला मी सायकल अशी दामटायचो की शहर कधी मागे पडलं ते कळायचं नाही. चहा ठेवला आहे, असं बायको सांगेपर्यंत मी मागच्या दाराने खोलीत शिरलेला असायचो.

आमच्या लोकांत लग्न असो की घरभरणी, बुद्धमूर्ती भेट द्यायची रीत आहे. त्यामुळे माझ्या लहान मूर्ती गावोगाव जात होत्या. तशीच एक त्या गावी गेली आणि एका रविवारी सकाळी तिथून दोन माणसं आमच्या दारात आली. एक होते विहार समितीचे अध्यक्ष. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. दुसरा विहार बांधणारा गवंडी. पन्नाशीचा, उंच, हातांची नखं चुन्याने खाल्लेली. गावात त्याला मामा म्हणत, मीही मामाच म्हणू लागलो.

गुरुजी म्हणाले, "जयभीम. विहाराला मोठी मूर्ती हवी आहे. येत्या बुद्धपौर्णिमेला बसवायची. एवढी मोठी तुम्ही केली आहे का, ते आधी विचारावं म्हटलं..."

"करतो," मी म्हणालो. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालो. आतून बायको खाकरली, ते मी ऐकलं नाही.

मामा तोवर माझ्या खोलीत शिरून एकेक हत्यार उचलून बघत होता आणि पेन्सिलच्या रेषेवर बरोबर परत ठेवत होता. तेवढ्यानेच तो मला आवडला. त्याने फिरत्या पाटाला बोट लावलं, पाट गरकन फिरला, आणि तो लहान पोरासारखा हसला. मग कोनाड्याची गोष्ट निघाली. मूर्तीची रुंदी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत चार फूट, असं ठरलं.

"मग कोनाडा चार फूट चार इंच धरतो," मामा म्हणाला. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं सुटत्याल."

"दोन बोटं कशाला? दोन सूत सोडा. चार फूट चार सूत." इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. "मूर्ती डबीला झाकण बसतं तशी बसली पाहिजे. कडेने फक्त उदबत्तीचा धूर गेला पाहिजे."

"मिस्तरी, लाकडाला रंधा मारता येतो. भितीला न्हाई येत."

"तुम्ही चार फूट चार सूत बांधा. माझी मूर्ती चार फुटाच्या बाहेर केसभर जाणार नाही."

मामाने गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "ते कंपनीत माप बघणारे आहेत." विषय संपला.

"लिहून घ्या मामा," मी म्हटलं.

"लिहिल्यालं पावसात भिजतंय. डोक्यातलं न्हाई भिजत. चार फूट, चार सूत." निघताना तो म्हणाला, "कमानीला मी पिपळाची पानं काडनार हाय बरं का. हातानं. गुरुजींनी न्हाई सांगितलं, माजं मीच."

आता चूक कशी झाली, ती पट्ट्यांची गोष्ट सांगतो.

धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो, आणि ते दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची एक वेगळी पट्टी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेलं असतं, पण ते खऱ्या बारा इंचांहून जरा जास्त असतात. ॲल्युमिनियमसाठी फुटामागे साधारण सव्वा सूत जास्त. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. कंपनीच्या पोलादी पट्ट्या पाळी सुटताना जमा कराव्या लागत. म्हणून घरच्या कामासाठी मी शिसवीच्या दोन-दोन फुटी पट्ट्या केल्या होत्या. एक साधी आणि एक वाढीव. वाढीव पट्टीचं टोक लाल रंगवलं होतं. दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या.

मूर्तीचा साचा करताना प्लास्टरचा पहिला थर गेरूने लाल करतात. पुढे साचा फोडताना लाल थर दिसला की समजायचं, आत मूर्ती आली, हात हलका करा. दीड-दोन वर्षं मी हे करत होतो आणि गेरू माझ्या खोलीत सगळीकडे झाला होता. पाटावर, कडीवर, माझ्या कानांवर. साध्या पट्टीचं टोकही लाल झालं होतं. मोठ्या मूर्तीचा सांगाडा उभा केला त्या दिवशी मी खिळ्यावरची एक पट्टी ओढली. टोकाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी दोन्ही लालच होती. कुठलंही शिकाऊ पोर मापाआधी पट्टी पडताळून घेतं. मी पंधरा वर्षं या कामात मुरलेला माणूस होतो, आणि मला घाई झाली होती.

घाई म्हणजे भीतीची नव्हे. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर तळ्याची चिकण माती. पहिल्या आठवड्यात नुसता ढिगारा. दुसऱ्या आठवड्यात खांदे आले. मी पाट फिरवायचो आणि वरच्या पांढऱ्या उजेडात ते खांदे हळूहळू वळायचे. माती वाळू नये म्हणून मूर्तीला गोणपाट ओलं करून गुंडाळावं लागे. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी यायचं. बायको हंडे मोजायची.

"आधी घरातल्या माणसांना पाणी, मग बुद्धाला," ती म्हणायची.

"बुद्ध तडकला तर?"

"ते शांत आहेत. मी तडकले तर बघा."

शेवटी भांडी विसळलेलं पाणी बुद्धाला, असा तह झाला.

सगळं जमलं, पण डोळे जमेनात. बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले हवेत. तेरा दिवस मी पापण्या लावत आणि काढत होतो. कधी ते झोपलेले दिसत, कधी रागावलेले. बायको यायची, कमरेवर हात ठेवून बघायची. "आज डुलकी लागली आहे," म्हणायची, आणि जायची. चौदाव्या दिवशी मी चिडून खोलीतून बाहेर आलो. ती ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसली होती. मान सरळ, नजर खाली, दाण्यांवर. खडा दिसला की बोट जात होतं, चेहरा हलत नव्हता. पापणी तिच्या डोळ्यावर टेकलेली नव्हती, टांगलेली होती. वरची पापणी अर्धी खाली आणि खालची जरा वर उचललेली. खालच्या पापणीकडे तेरा दिवस माझं लक्षच गेलं नव्हतं.

"हलू नकोस," मी म्हणालो.

"पाल आहे का?"

"नाही. ज्वारी निवडत राहा. सूप घेऊन आत ये."

ती फिरत्या पाटासमोर बसून पावणेदोन तास ज्वारी निवडत होती. निवडून झालेली पुन्हा निवडली. डोळे झाले. ती उठली, मूर्तीसमोर उभी राहिली. मग केसांतली पिन काढून माझ्यासमोर ठेवली. "ही आता राहू द्या इथेच," म्हणाली.

साचा झाला, सिमेंट ओतलं, ओलं ठेवून दिवस मोजले. साचा फोडायच्या दिवशी मी पाळी बुडवली. छिन्नीने पांढरं प्लास्टर ढलपी-ढलपीने उडत होतं. मग लाल थर लागला. आता सगळं हलक्या हाताने. लाल थरातून पहिल्यांदा नाकाचा शेंडा दिसला, राखाडी, ओलसर. मग ओठ. गल्लीतली माणसं पत्र्याच्या फटींतून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आले, आले," जसं काही पाहुणे स्टँडवरून यायचे होते. संध्याकाळपर्यंत सबंध मूर्ती बाहेर आली होती आणि मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो होतो. मी पट्टी लावून गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं. चार फूट. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी आठ बोल्ट काढले. खोली उघडली, बारा जणांनी मूर्ती टेम्पोत चढवली. खाली भाताचा पेंढा, भोवती आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या. बायको म्हणाली, "आता आज मी कशावर झोपू?" मी हौद्यात मूर्तीला पाठ टेकून बसलो आणि सबंध रस्ताभर उतरलो नाही. दुपारी बारा-साडेबाराला गावात पोचलो. वेशीवर निळे झेंडे लागले होते, हलगी वाजत होती, बाया पांढऱ्या साड्या नेसून उभ्या होत्या. पौर्णिमा उद्या होती, पण त्यांना धीर निघाला नव्हता.

विहारात शिरलो आणि मी कमानच बघत राहिलो. दोन्ही बाजूंनी पिंपळपानं वर चढत गेली होती, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा. एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. काही पानं कडेवरून आतल्या बाजूला वळलेली, जणू वाऱ्याने पलटलेली. मामा बाजूला उभा होता. मी काय म्हणतो, याची वाट बघत होता. मी म्हटलं, "मामा, हे कंपनीत कुणाला जमणार नाही." तो खाली बघून हसला.

मूर्ती सरकवत ओट्यावर नेली. डावा गुडघा कोनाड्यात शिरला. उजवा भिंतीला टेकला. पुन्हा सरळ केली. पुन्हा टेकला. हलगी थांबली.

मी पिशवीतून माझी शिसवी पट्टी काढली आणि कोनाडा मोजला. चार फुटाला एक सूत कमी. पुन्हा मोजला. तेच. मूर्ती मोजली. बरोबर चार फूट.

"मामा, कोनाडा पाच सूत कमी आहे," मी म्हणालो. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं.

मामाने आपला टेप काढला. त्या टेपचं पुढचं टोक कधीचं तुटलं होतं. तो दहाच्या आकड्यावर धरून मोजायचा आणि दहा वजा करायचा. त्याने कोनाड्याला टेप लावला. "अट्ठावन आन चार सूत. दहा गेले. चार फूट चार सूत. बरूबर हाय." मग मूर्तीला लावला. "अट्ठावन आन पाच सूत. चार फूट पाच सूत. मिस्तरी, कोनाडा न्हाई, मूर्तीच मोटी हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, वजाबाकी नीट करा. शाळंत गेल्ते का?" लोक हसले. गुरुजीही हसले, बिचारे घाबरून हसले. तुटक्या टेपचा गावचा गवंडी एका बाजूला, आणि शिसवीची चकचकीत पट्टी घेतलेला कंपनीचा माणूस दुसऱ्या बाजूला. दुसरा टेप आणावा, असं कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मामा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "एका सुताचा तर सवाल हाय. दोनी गुडघ्यांना आर्दं-आर्दं सूत कानस मारा. कुनाला दिसनार बी न्हाई."

आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "बुद्धाच्या गुडघ्याला कानस लावू?"

लोकांत कुजबुज झाली. मग त्याला दुसरी वाट उरली नाही. त्याने स्वतःच छिन्नी आणि हातोडा आणला. डाव्या बाजूचा गिलावा खरवडायचा, तर त्याच गिलाव्यात घडवलेली पानं जाणारच होती. त्याने एकेक पान तळहात खाली धरून फोडलं, तुकडे जमिनीवर पडू दिले नाहीत. अकरा पानं. मग मूर्ती बसली. डबीला झाकण बसतं तशी.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर झाली, माझ्या गळ्यात हार पडले. इतकी माणसं त्या मूर्तीच्या डोळ्यांकडे बघत उभी होती की मला मामाची आठवण झाली नाही. तो त्या दिवशी आला नव्हता, हे मला पुढे कळलं.

अकराव्या दिवशी ॲल्युमिनियमच्या एका झाकणाचा पॅटर्न घरी करायला घेतला. वाढीव पट्टी हवी होती. खिळ्यावर दोन्ही पट्ट्या लाल टोकांच्या. मी हसलो, ओल्या फडक्याने दोन्ही टोकं पुसली. एकीचा गेरू निघाला. गावाहून आणून जी मी वर टांगली होती, तिचा रंग निघाला नाही. दोन्ही शेजारी-शेजारी धरल्या. दोन फुटांत अडीच सूत. चार फुटांत पाच.

ज्या पट्टीने मूर्ती मोठी झाली, त्याच पट्टीने मी मामाचा कोनाडा लहान करून दाखवला होता.

त्याच दिवशी बस धरायला हवी होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. रविवारी आणखी एका गावचे लोक मोठी मूर्ती सांगायला आले. ते म्हणाले, "तुमचं माप म्हणजे माप असं ऐकलं." मी त्यांना खरं सांगितलं नाही. संध्याकाळी वाढीव पट्टी बंबात घातली. शिसव लवकर पेटत नाही.

वर्षभराने मामा केडगावला आला. हातात नवा कोरा टेप. गावातल्या पोरांनी त्याला 'पाचसुत्या' नाव ठेवल्याचं मला कळलं होतं. शाळेच्या खोल्यांचं काम त्याला न देता बाहेरच्याला दिल्याचंही. तो तक्रार करायला आला नव्हता.

"मिस्तरी, ती पट्टी एकडाव दाखवा," तो म्हणाला. "माज्या डोक्यातून जात न्हाई."

"तुटली ती, मामा."

त्याने मान हलवली. पाटावर दुसऱ्या गावची मूर्ती तयार होती, साध्या पट्टीने केलेली. "हिची रुंदी किती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, साडेतीन फूट. त्याने नवा टेप लावला. साडेतीन फूट. तो बराच वेळ टेपच्या आकड्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. बायको चहा घेऊन आली आणि मी ते गिळले.

"मग माजंच चुकलं आसंल," तो म्हणाला. "डोळं दगा द्याया लागलं. आता मी मापाचं काम घेत न्हाई. नुस्ता गिलावा करतो." जाताना त्याने पाटाला बोट लावलं, पण फिरवला नाही.

एवढं सगळं मी तीस वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. यंदा सांगितलं. ती हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "मामा आहेत का अजून?" चौकशी केली. आहेत. "मग इथे मला काय सांगत बसलात?" ती म्हणाली.

मी खोलीत गेलो आणि शिसवीची नवी वाढीव पट्टी केली. हात आता सावकाश चालतो, तीन दिवस लागले. पण ती दाखवल्याशिवाय कुणाला पटलं नसतं. एस्टीने मिरजगाव, तिथून रिक्षा.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांना आता फार कमी दिसतं. मी सगळं सांगितलं. दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी अंगठ्याने दोन्हींची टोकं जुळवून बघितली, एकीचं पुढे आलेलं टोक नखाने पुन्हा पुन्हा चाचपलं.

"तुला कवा कळलं?" पूर्वी ते मला 'तुमी' म्हणायचे.

"अकराव्या दिवशी."

"आन मी केडगावला आलो, तवा ठावं हुतं?"

"होतं."

त्यांनी दोन्ही पट्ट्या माझ्या हातात परत दिल्या. मग म्हणाले, "ऊठ. विहारात चल."

विहारात सात-आठ बाया बसल्या होत्या, दोन-तीन तरुण होते. मामांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग सुनेला घरी पाठवून तो जुना तुटका टेप मागवला. त्यांनी तो ठेवला होता. "दहावर धर. मोठ्यानं वाच."

मी मूर्तीला टेप लावला. "अठ्ठावन्न, पाच सूत."

"वजाबाकी कर."

"दहा गेले. अठ्ठेचाळीस आणि पाच सूत. चार फूट पाच सूत."

एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी मामा बरूबर हुते की ओ."

"मी तीस वर्सं हितंच हाय," मामा म्हणाले. "इचारायचं हुतं." त्या म्हातारीने मान खाली घातली. मी आधीच घातली होती.

मी माफी मागितली. मामा उठून कमानीपाशी गेले. कोऱ्या बाजूवरून हात फिरवत म्हणाले, "अकरा पानं ऱ्हायल्यात. माजा हात आता चालत न्हाई. तुला लई घडवता येतंय ना? घडीव."

तेव्हापासून खोली पुन्हा सुरू झाली आहे. पत्रा गंजला आहे, पाट मात्र अजून एका बोटाने फिरतो. उजव्या बाजूच्या पानांचे ठसे घेऊन आलो आणि ते समोर ठेवून नवी पानं घडवायला लागलो. इतक्या वर्षांनी सकाळी उठल्यावर मी चहा विसरतो. पहिली तीन पानं घेऊन गेलो तर मामांनी एकेकावर अंगठा फिरवला आणि तिन्ही परत केली.

"शिरा लई सरळ हायेत," म्हणाले. "पान हाय का फूटपट्टी?"

तुटका टेप त्यांनी मला दिला आहे. परत न्यायला मी येईन, असं म्हणालेत. ते येणार नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. तो आता साध्या पट्टीशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. अकरा पानं लागली की हा कागद विहारात वाचून दाखवायचा, असंही त्यांनी सांगितलं आहे, पाच सुतांच्या हिशेबासकट. चौथं पान उद्या साच्यातून निघेल. या वेळी शिरा हाताने ओढल्या आहेत, बायकोच्या पिनेने, पट्टी न लावता.